सवतीच्या ग्रॅनोलाला उत्तर

६ मार्च, सोमवार

ही वही माझी नाही, मर्वची आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांसाठी दर सोमवारी दवाखान्यात वर्ग असतो. तिथल्या टेगन नावाच्या पोरीनं त्याला ती दिली. रोज काय खाल्लं आणि कसं वाटलं, एवढंच त्यात लिहायचं. नवऱ्यानं पहिल्या पानावर 'टोस्ट. ठीक वाटलं' असं लिहिलं आणि वही फ्रीजवर टाकून दिली. एकोणीस वर्षांच्या संसारात मलाही त्याच्याकडून साधारण एवढंच ऐकायला मिळालंय. वही चांगली जाड आहे. मी घेतली.

आजच्या वर्गाचं लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल. टेगननं सगळ्यांसमोर विचारलं, "मर्व, आधी सकाळी काय खायचात?" त्यानं सांगितलं. बेकन, दोन अंडी, लोण्यात तळलेला पाव, रविवारी सॉसेज. खोलीत दहा म्हातारे होते. दहाचे दहा माना वळवून माझ्याकडे बघायला लागले, जणू मी त्याला रोज उंदराचं औषध घालत होते. बावीस वर्षं मी गावच्या बेकरीची भट्टी सांभाळली आहे. शिंपल्यांची करी भरलेल्या माझ्या पाइजसाठी तिकडे शहरातून, होबार्टहून लोक गाडी काढून यायचे. तेव्हा कुणी माना वळवल्या नाहीत.

टेगन म्हणते, आता सकाळी ग्रॅनोला. दुकानातला नको, त्यात बिस्किटाइतकी साखर असते. घरी करायचा. ओट्स, बदाम, अक्रोड, बिया, थोडं तेल, मंद ओव्हनमध्ये भाजायचं.

"आणि गोड?" मी विचारलं.

"चवीपुरतं."

आता ही मला चव शिकवणार.

९ मार्च, गुरुवार

मर्व फिरायला गेला होता, दीड तासानं आला. हातात काचेची बरणी. आत ग्रॅनोला, झाकणाला सुतळी, सुतळीला चिठ्ठी. अक्षर मी ओळखते. दर नाताळला त्या अक्षरातलं कार्ड येतं आणि मी ते फळीवर सगळ्यांच्या मागे ठेवते.

"ही कुठून आणलीस?"

"ग्वेन भेटली वाटेत."

"ग्वेनचं घर टेकडीवर आहे. तुझी वाट नदीकाठानं जाते."

"मग मीच गेलो असेन तिकडे," तो म्हणाला आणि बूट काढत बसला.

ग्वेनेथ म्हणजे याची पहिली बायको. माझी सवत, दुसरं काय म्हणायचं? तेवीस वर्षांपूर्वी ती स्वतः याला सोडून गेली, गेली ती दोन किलोमीटरवर. सोडलं, पण दोरी हातातच ठेवली. तीस वर्षं नर्स म्हणून तिनं अख्ख्या खोऱ्याला सुया टोचल्या. निवृत्त झाल्यावर आता गावच्या हॉलमध्ये शनिवारच्या बाजारात टेबल मांडून बिया आणि ग्रॅनोला विकते. मर्व दवाखान्यात होता तेव्हा ही म्हणे पोस्टाच्या रांगेत म्हणाली, "त्या पाइज खाऊन दुसरं काय होणार होतं?" शेजारच्या ट्रिशनं स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

मी चमचाभर चाखून बघितला. भुसा. मर्व मात्र वाडगा भरून खात बसला, डोळे मिटून.

११ मार्च, शनिवार

ग्रॅनोला करून बघितला. पहिला ट्रे करपला. ओव्हनपाशी उभी राहून करपवला याचंच जास्त लागलं. टेगननं सांगितल्याप्रमाणे तेल घातलं तर सगळं सुटं-सुटं, कोंबड्यांच्या खाद्यासारखं. मर्व म्हणाला, "छान आहे की." तो कसनुसं हसून असं म्हणतो तेव्हा समजायचं, घास घशाखाली उतरत नाहीये.

१८ मार्च, शनिवार

आज बाजारात ग्वेनच्या टेबलासमोरून तीनदा गेले. तिच्या बरण्यांत मोठाली ढेकळं नाहीतच. लोकांना ढेकळं हवी असतात. बोटांनी मोडून तोंडात टाकायला काहीतरी हवं. बावीस वर्षांत मी एवढं नक्की शिकले आहे.

घरी येऊन ठरवून केलं. पाच कप जाडे ओट्स, हेझलनट, बदाम, भोपळ्याच्या बिया, खोबरं, दालचिनी. दीड कप लेदरवुडच्या फुलांचा मध, वर अर्धा कप ब्राऊन साखर, आणि तेलाबरोबर लोणी, कारण लोण्याशिवाय ढेकूळ धरत नाही. मिश्रण ट्रेमध्ये हातानं थापलं, दीडशे डिग्रीवर चाळीस मिनिटं ठेवलं, मध्ये एकदाच हलवलं आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू दिला नाही. तुकडा मोडला तर कडकन आवाज आला. मीच उभ्या-उभ्या दोन वाडगे खाल्ले.

मर्व म्हणाला, "गोड आहे गं जरा, नोल."

"मध आहे तो. मधात साखर नसते, मध असतो."

"बरं," तो म्हणाला, आणि वाडगा घेऊन मागच्या अंगणात गेला. हल्ली त्याला बाहेर बसून खायला आवडतं. कोंबड्याही त्याला बघितलं की धावत सुटतात.

२८ मार्च, मंगळवार

निळी पँट कंबरेला ढिली झाली. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. सतरा दिवस मी सकाळी आणि संध्याकाळीही ग्रॅनोलाच खातेय, वाया गेलेले ट्रे मलाच संपवायला लागतात. आणि वजन उतरतंय. टेगनला दाखवायला हवं. ग्वेननं कितीही बिया चघळल्या तरी तिच्या ढुंगणाचा घेर आहे तेवढाच आहे.

ओव्हनपाशी तहान फार लागते. ओट्स पाणी ओढतात, त्यामुळे असणार. सफरचंदाचा रस पेटीनं आणून ठेवलाय.

मर्व आज मला टक लावून बघत होता. "तू बारीक झालीस," म्हणाला. मी म्हटलं, नजर लावू नकोस.

४ एप्रिल, मंगळवार

मधाचा चार किलोचा डबा डाव्या पायावर पडला. करंगळीची कातडी फाटली. मर्व पट्टी बांधायला वाकला तर त्याला दम लागला, म्हणून त्याला ओरडले. त्याचा दम जास्त महत्त्वाचा का माझी करंगळी, हेही त्याला कळू नये.

त्याचं गुरुवारचं फिरणं आता दोन तासांवर गेलंय.

१३ एप्रिल, गुरुवार

चष्मा बिघडला आहे. होबार्टच्या दुकानदारानं गेल्याच वर्षी करून दिलेला. पाककृती वाचताना अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसतात. आज मिठाच्या जागी साखर आणि साखरेच्या जागी मीठ पडलं, पूर्ण ट्रे गेला. ट्रिश म्हणाली, "तू दमलीयस, नोएलीन. चेहरा बघ." मी तिला म्हटलं, तुझ्या नवऱ्याची पहिली बायको दोन किलोमीटरवर राहत असती तर तुझाही चेहरा असाच झाला असता. ती उठून गेली. जाऊ दे.

करंगळी अजून ओली आहे. दुखत नाही, ते बरं.

१९ एप्रिल, बुधवार

घरात मुंग्या झाल्यात. मध सांडतो स्वयंपाकघरात आणि या मुंग्या बाथरूममध्ये, कमोडच्या पायाशी. मी पावडर टाकली. मर्व दारात उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिला, बराच वेळ, जसा पॅकिंग शेडमध्ये बंद पडलेलं मशीन बघत असेल तसा. चाळीस वर्षं त्यानं सफरचंदांच्या शेडमध्ये मशीनं दुरुस्त केली, पण मुंग्या बघायला त्यात काय आहे?

"दिवसातून किती वेळा जातेस गं तू?" त्यानं विचारलं.

"कुठे?"

"इथे."

"मोजायला आणखी एक वही आणून देऊ का तुला?"

चाळीस वर्षांत त्याच्यासमोर मशीनं कधी उलटून बोलली नसतील, म्हणूनच तो त्यांच्यात रमला.

२० एप्रिल, गुरुवार

आज मी त्याच्या मागे गेले. लिहायला लाज वाटत नाही.

तो नदीकाठाकडे वळलाच नाही, सरळ टेकडीवर. मी लांबून, कुंपणाच्या कडेनं. पाय जड झाला होता, दोनदा टेकून उभी राहिले. ग्वेनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा नाही. तिला लपवण्यासारखं काही नसतं ना कधी.

दोघं टेबलाशी समोरासमोर होती. डोकी जवळ. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिनं त्याचा हात धरला होता, बोट तेवढं वर करून, अगदी नाजूक. त्यानं हात काढून घेतला नाही. तो लक्ष देऊन तिचं ऐकत होता. माझं बोलणं त्यानं इतकं लक्ष देऊन कधी ऐकल्याचं आठवत नाही. चष्म्यामुळे तोंडावरचे भाव दिसले नाहीत. नाही दिसले तेच बरं.

मी आत गेले नाही. काय म्हणणार होते? तो घरी आला तेव्हा मी ट्रे थापत होते.

"कसं झालं फिरणं?"

"नेहमीसारखं."

मी दिवसभर एक शब्द बोलले नाही. त्याला ते कळलंही नसेल.

२६ एप्रिल, बुधवार

सकाळी मर्व टेबलाशी येऊन बसला. खाकरला. "नोल, तुझं बोट दे जरा."

"कशाला?"

"दे तर."

एक हात त्याचा खिशात होता. आमच्या लग्नाला जूनमध्ये वीस वर्षं होतील. माझी अंगठी ढिली झाली आहे, भांडी घासताना दोनदा सिंकमध्ये पडली. मी म्हटलं, "माप घेतोयस का?" त्याचा चेहरा असा काही झाला की मला हसूच आलं. खिशातला हात खिशातच राहिला, आणि तो कोंबड्यांना बघायला निघून गेला.

दुपारपर्यंत मी जरा बऱ्या मनानं काम केलं. मग आठवलं, की तोच हात गुरुवारी तिच्या हातात होता. अपराधी नवरे अंगठ्या आणतात.

मी बाजारात टेबल घेतलंय. सहा मेचं. कमिटीच्या बाईला म्हटलं, ग्वेनच्या समोरचंच हवं.

३ मे, बुधवार

चोवीस बरण्या तयार. चिठ्ठीवर 'घरचा खरा ग्रॅनोला' असं लिहिलं. 'खरा' या शब्दाखाली रेघ मारली. हात थरथरत होता म्हणून रेघ वाकडी आली, पण मुद्दा पोचेल.

फार थकवा आहे. जिभेला कोरड. करंगळीला वास येतोय, रोज गरम पाण्यात धुते. मर्व म्हणाला, डॉक्टरकडे जाऊ. मी म्हटलं, या घरात पेशंट एकच पुरे. शनिवारनंतर बघू.

"शनिवारच्या आधी," तो म्हणाला. चक्क आवाज चढवून.

"तिनं सांगितलं का तुला असं बोलायला?"

त्याचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मला उत्तर मिळालं.

१० मे, बुधवार. होबार्टचं हॉस्पिटल

मर्वनं वही आणून दिली. त्यानं वाचली का, माहीत नाही. वाचली असेल तर बरंच झालं.

शनिवारचं मला आठवतं तेवढं लिहिते. सकाळी नऊपर्यंत अकरा बरण्या गेल्या. लोक चाखायचे आणि ढेकळं उचलायचे. समोर ग्वेनच्या टेबलावर दोन बाया. मी तिच्याकडे बघून हसले. तिनं हसून उत्तर दिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, बरण्यांकडे नाही. मी रसाची एक बाटली संपवली, मग दुसरी.

दहाच्या सुमाराला ती टेबल सोडून माझ्याकडे आली. एकदम जवळ. हिला चाखायचंय असं मला वाटलं. पण तिनं माझ्या तोंडाचा वास घेतला, कुत्रं घेतं तसा.

"नोएलीन, बोट दे."

"काय?"

"बोट दे तुझं. आत्ता."

"तुला नवरा दिला तेवढं पुरे नाही झालं?" मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, कारण सगळा हॉल वळून बघायला लागला. "त्याचं बोट धरून झालं, आता माझं? लाज नाही वाटत? सोडून गेलीस ना त्याला, मग राहा सोडून."

"बोंब नंतर मार. हात पुढे कर."

तिनं माझं मनगट धरलं. मी सोडवू शकले नाही, आणि मी आयुष्यभर कणीक मळलेली बाई आहे. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. काहीतरी टोचलं. तिच्या हातात लहानसं मशीन होतं. त्यावर आकडा आलाच नाही, दोनच अक्षरं आली. हाय.

मी म्हटलं, "बघ, तुझं मशीन तुझ्यापेक्षा सभ्य आहे. भेटल्यावर हाय तरी म्हणतं."

असं मी म्हटलं हे सगळे सांगतात. मला ते आठवत नाही. समोरचं टेबल वर-वर येताना मात्र आठवतं, आणि बरण्या फुटल्याचा आवाज. मर्व हॉलच्या त्या टोकाकडून पळत आला. हार्ट अटॅकला तीन महिने झालेला माणूस. त्याला कुणी अडवलं कसं नाही, हे मी कमिटीला विचारणार आहे.

डॉक्टर म्हणतात, 'हाय' म्हणजे मशीनला मोजता येत नाही इतकी साखर, आणि ती इतकी वाढली होती की आणखी एक दिवस गेला असता तर विचारायलाच नको. महिनोन्‌महिने डायबिटीस असणार, म्हणे, ग्रॅनोलाच्याही आधीपासून. मग ग्रॅनोलानं त्यावर कळस चढवला. दिवसाला किती खायचात? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

डाव्या पायाची करंगळी काढली. बाकीची चार वाचली.

१२ मे, शुक्रवार

मर्वनं आज सगळं सांगितलं. खुर्चीच्या काठावर बसून, टोपी दोन्ही हातांत धरून. तो ग्वेनकडे मार्चपासून जात होता. माझ्यासाठी. पाणी पिणं, पट्ट्याचं भोक, मुंग्या, सगळं त्यानं तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, बोटातून रक्ताचा एक थेंब घे, मशीनवर ठेव, बाकी मी बघते. स्वतःचं मशीन तिनं त्याला दिलं, त्याच्याच बोटावर शिकवलं. बाजाराच्या दिवशी मात्र त्यानं ते पुन्हा तिच्या हवाली केलं होतं, कारण त्याच्यानं ते झालं नव्हतं.

"का नाही झालं?"

"तू अंगठीचं म्हणालीस," तो म्हणाला. "मग मला ते खिशातून काढवेना."

मी भिंतीकडे तोंड केलं. रडले नाही. मला राग आला होता आणि अजून आहे. मी बाथरूमला किती वेळा जाते, हे माझ्या नवऱ्यानं त्याच्या पहिल्या बायकोला दोन महिने बसून सांगितलं. दुसरी बाई घरात आणली असती तरी एवढं उघडं वाटलं नसतं.

"मला सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"सांगितलं की. चारदा."

"मला ऐकू येईल असं सांगायचं होतंस."

यावर पुढे झुकून त्यानं माझी चादर सारखी केली. सारखी करण्यासारखी काही ती विस्कटलेली नव्हती.

१५ मे, सोमवार

त्याच्याशी बोलत नाही. तो रोज येतो, दीड तास बसतो, परत जातो. मी खिडकीबाहेर बघते. आज जाताना म्हणाला, "कोंबड्या अंडी कमी घालायला लागल्यात." मला हसू येणार होतं, ते दाबलं.

२४ मे, बुधवार. घरी

थंडी सुरू झाली, सकाळी गवतावर दव गोठलं होतं. पायात चार बोटांचा बूट, हातात काठी, पोटात इन्सुलिन. स्वयंपाकघर कुणीतरी घासून पुसून ठेवलंय. मधाचे डबे दिसत नाहीत. मर्वचं काम नाही हे. मर्वला ओव्हनच्या मागचं दिसत नाही.

पायाची पट्टी रोज बदलायला हवी. सरकारी नर्स आठवड्यातून दोनदाच येते. बाकीचे दिवस मर्वनं करून बघितलं, तर त्याचे हात माझ्यापेक्षा जास्त थरथरतात. त्यानं मान खाली घालून विचारलं, "ग्वेनला सांगू?"

मी म्हटलं, नको. रात्री पट्टी सुटली. सकाळी म्हटलं, सांग.

३० मे, मंगळवार

ती येते, काम करते, जाते. आम्ही कामापुरतं बोलतो. पाय वर. दुखतंय? नाही. खोटं बोलू नकोस. दुखतंय. तिचे हात हलके आहेत हे मला मान्य करायला लागतंय, म्हणून जास्त चिडायला होतं.

आज पट्टी झाल्यावर तिनं फळीवरून माझी एक बरणी काढली. फुटायची राहिलेली. झाकण उघडून एक ढेकूळ मोडलं, तोंडात टाकलं आणि उभीच राहिली.

"काय?" मी विचारलं.

"माझ्यापेक्षा चांगला आहे," ती म्हणाली. "कितीतरी चांगला. आणि सरळ विष आहे."

"तुझा भुसा आहे."

"मला माहीत आहे. पंधरा वर्षं मी माणसांना भुसा विकतेय. ढेकूळ कसं धरतं?"

मी सांगितलं नाही. पण दुपारभर विचार करत होते, की मध आणि साखर काढली तर ते कशानं धरेल.

५ जून, सोमवार

अंड्याच्या पांढऱ्या बलकानं धरतं. आणि उकडून घोटलेल्या सफरचंदानं. मध चमचाभर, तोही मोठ्या ट्रेला. दालचिनी दुप्पट. मीठ चिमूटभर, त्यानं गोड नसलेलं गोड लागतं. लोण्याला रजा. ग्वेन ओव्हनपाशी, मी खुर्चीवर पाय वर करून. मी सांगायची, ती करायची आणि प्रत्येक गोष्टीला नाक मुरडायची. चौथा ट्रे जमला. मी बोट पुढे केलं, मशीननं आकडा दाखवला, दोघींनी तो वाचला. चालण्यासारखा होता.

ट्रे गार होईपर्यंत बसायला लागतंच. चहा झाला. मर्व बाहेर लाकडं रचत होता, खिडकीतून दिसत होता. आता चष्म्याचा नंबर नीट करून आणलाय, त्यामुळे सगळं दिसतं.

मी म्हटलं, "एक विचारू? खरं सांग."

"मी कधी खोटं सांगितलंय तुला?"

"तुला तो परत हवाय का?"

तिनं कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर, मग परत माझ्याकडे. आणि हसली. हसू आवरेना.

"मर्व? मला? नोएलीन, मला तो तेव्हाही फारसा नको होता. तुला काय वाटलं, वीस वर्षं मी त्या टेकडीवर बसून त्याची वाट बघतेय? मी तिकडे मजेत आहे. घरात आवाज नाही, कुणी रविवारी मशीन उघडून जेवणाच्या टेबलावर पसरत नाही. तुला लखलाभ."

एवढी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. नाताळचं प्रत्येक कार्ड फळीवर मागे सारताना हेच. मी आता सुटकेचा श्वास टाकेन असं मला वाटलं होतं. पण कानशिलं तापली. काठी चाचपली आणि मी उठून उभी राहिले, चार बोटांच्या पायावर.

"का?" मी म्हटलं. "त्याच्यात काय वाईट आहे?"

"अगं, वाईट नाही..."

"नाही, सांग ना. काय कमी आहे? स्वतःचं हृदय फाटलेलं असताना माझ्या मुंग्या बघत उभा राहणारा माणूस आहे तो. तुला कुणी दिलंय असं? टेकडीवरच्या त्या शांततेनं दिलंय? हॉलच्या त्या टोकाकडून पळत आला तो. पळत. बोलता येत नाही त्याला, म्हणून काय कुणीही उठावं आणि नको म्हणावं?"

ग्वेननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी हात वर केला.

"चल, ऊठ. पट्टीला उद्या ये. माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या नवऱ्याबद्दल असं बोललेलं मी ऐकून घेणार नाही."

ती उठली, पिशवी घेतली, दारापाशी थांबून म्हणाली, "दहाला येते." मी म्हटलं, साडेनऊला ये, दहाला मला काम आहे. काम काही नव्हतं.

ती गेल्यावर मर्व आत आला. बाहीला सालपटं, नाक थंडीनं लाल. "काय झालं? तुझा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला."

"काही नाही. भांडत होतो."

"कशावरून?"

"तुझ्यावरून," मी म्हटलं.

तो घाबरला. टोपी काढून हातात धरली, हॉस्पिटलमध्ये धरायचा तशी. "मग? काय ठरलं?"

"मी जिंकले," मी म्हटलं, आणि त्याला बसायला खुर्ची ओढून दिली.